व्यावसायिक फुटबॉलपटूंमधील स्नायुदुखापतींचे मूल्यमापन

स्नायुदुखापतींचे मूल्यमापन ही क्रीडावैद्यकातील एक प्रक्रिया आहे. खेळाडूचा कोणता स्नायू, कोणत्या जागी आणि किती प्रमाणात दुखावला आहे, तसेच त्याला पूर्ववत खेळता येण्यास साधारण किती काळ लागेल, हे तिच्याद्वारे ठरवले जाते. या प्रक्रियेत दुखापतीचा वृत्तान्त, शारीरिक तपासणी, प्रतिमाचित्रण आणि पुनरागमनापूर्वीच्या चाचण्या यांचा समावेश होतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये या मूल्यमापनाला विशेष महत्त्व आहे. खेळाडूला लवकर मैदानात उतरवल्यास तोच स्नायू पुन्हा दुखावण्याचा धोका असतो, तर अनावश्यक विश्रांती दिल्यास संघाचे सामने हुकतात. पुण्यातील संघ ज्या स्पर्धांमध्ये खेळले, त्यांच्या वेळापत्रकांवरून हा पेच स्पष्ट होतो.

प्रमाण

युएफाच्या दुखापत-अभ्यासाला स्वीडिश वैद्य यान एकस्ट्रांड यांच्या नेतृत्वाखाली २००१ मध्ये प्रारंभ झाला. एकस्ट्रांड व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत २००१ ते २००९ या काळातील युरोपातील ५१ संघ, २,२९९ खेळाडू आणि २,९०८ स्नायुदुखापती यांचा विचार केला होता. त्यानुसार एकूण दुखापतींपैकी ३१ टक्के दुखापती स्नायूंच्या होत्या. २५ खेळाडूंच्या संघात एका मोसमात सरासरी १५ स्नायुदुखापती होतात, असे आढळले.

यांतील ९२ टक्के दुखापती पायाच्या चार स्नायुगटांत झाल्या होत्या:

• मांडीच्या मागील बाजूचे स्नायू, म्हणजेच हॅमस्ट्रिंग: ३७ टक्के
• जांघेतील स्नायू: २३ टक्के
• मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू: १९ टक्के
• पोटरीचे स्नायू: १३ टक्के

सुमारे १६ टक्के दुखापती आधी दुखावलेल्या जागीच पुन्हा झाल्या होत्या. अशा दुखापतींमुळे खेळाडू मूळ दुखापतीपेक्षा अधिक काळ खेळापासून दूर राहिले.

दुखापतीची कारणे

स्नायूला दोन प्रकारे इजा होते. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा किंवा पाय लागून होणारी इजा म्हणजे मुका मार. दुसऱ्या प्रकारात बाहेरून आघात होत नाही. स्नायू आकुंचन पावत असतानाच ताणला जातो आणि त्याचे तंतू तुटतात. फुटबॉलमधील बहुसंख्य स्नायुदुखापती या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

वेगाने धावताना पाऊल जमिनीवर टेकण्याच्या आधीच्या क्षणी हॅमस्ट्रिंगवर मोठा ताण येतो. त्या वेळी या गटातील बायसेप्स फेमोरिस हा स्नायू बहुधा दुखावतो. चेंडूला जोरदार लाथ मारताना मांडीच्या पुढील स्नायूंना, तर एकाएकी दिशा बदलताना जांघेतील स्नायूंना इजा होण्याचा संभव असतो. पूर्वी झालेली दुखापत हा नव्या दुखापतीचा एक महत्त्वाचा धोका-घटक मानला जातो.

मैदानावरील तपासणी

सामना चालू असताना वैद्य किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे फारच थोडा वेळ असतो. व्यावसायिक सामन्यात एकदा बदललेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकत नाही. त्यामुळे त्याला खेळू द्यावे की बाहेर काढावे, हा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो. धावताना अचानक चमक भरणे, काहीतरी तुटल्याची जाणीव होणे, तत्काळ थांबावे लागणे आणि लंगडत चालणे ही तंतू तुटल्याची सूचक लक्षणे आहेत. सामन्याच्या अखेरीस पोटरीत गोळा येणे हे मात्र बहुधा थकव्याचे लक्षण असते व ताण दिल्यावर ते कमी होते. शंका असल्यास खेळाडूला बाहेर काढणे श्रेयस्कर समजले जाते, कारण अंशतः फाटलेला स्नायू पुढील धावेत अधिक फाटू शकतो.

वैद्यकीय तपासणी

सविस्तर तपासणी दुखापतीनंतरच्या एक-दोन दिवसांत केली जाते. प्रथम वृत्तान्त घेतला जातो: वेदना अचानक उद्भवली की हळूहळू वाढली, त्या वेळी खेळाडू धावत होता की पाय ताणत होता, आणि तीच जागा पूर्वी दुखावली होती का. त्यानंतर पुढील बाबी पाहिल्या जातात:

• निरीक्षण: सूज, काळेनिळेपणा, स्नायूच्या आकारातील खळगा आणि चालण्याची ढब. काळेनिळेपणा काही दिवसांनी दुखापतीच्या जागेपासून खाली उतरलेला दिसू शकतो.
• चाचपणी: सर्वाधिक वेदनेची जागा, दुखऱ्या भागाची लांबी आणि बैठकीच्या हाडापासूनचे अंतर. दुखरी जागा या हाडाच्या जितकी जवळ, तितका बरे होण्यास अधिक काळ लागतो, असे हॅमस्ट्रिंगच्या काही अभ्यासांत दिसले आहे.
• शक्ती: विरोध देऊन स्नायू आकुंचित करण्यास सांगणे व दुसऱ्या पायाशी तुलना करणे.
• लवचीकता: वेदना न होता पाय किती उचलता किंवा ताणता येतो हे पाहणे.

मांडीतील प्रत्येक वेदना स्नायूची नसते. कंबरेतील मज्जातंतूवरील दाबामुळेही मांडीच्या मागे दुखते. पोटरीतील वेदना व सूज क्वचित खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्यामुळे असू शकते. मुक्या मारानंतर वेदना सतत वाढत गेल्यास स्नायुकप्प्यातील दाब वाढल्याची शक्यता तातडीने तपासावी लागते. कुमारवयीन खेळाडूंमध्ये स्नायूऐवजी तो जेथे जोडलेला असतो तो हाडाचा तुकडा निखळू शकतो, म्हणून त्यांच्या बाबतीत क्ष-किरण तपासणी उपयुक्त ठरते.

प्रतिमाचित्रण

सोनोग्राफी स्वस्त असून हालचाल चालू असतानाही करता येते. साकळलेले रक्त व तुटलेले तंतू तिच्यात दिसतात. मात्र ती करणाऱ्याच्या कौशल्यावर निकाल अवलंबून असतो आणि पोटरीतील खोल स्नायूंच्या बारीक इजा तिच्यातून निसटू शकतात. एमआरआय तपासणीत सूज, फाटलेला भाग आणि स्नायूच्या आतून जाणारी कंडरा अधिक स्पष्ट दिसते.

एकस्ट्रांड व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या हॅमस्ट्रिंग दुखापतींचे एमआरआय निष्कर्ष आणि पुनरागमनाचा काळ यांची तुलना प्रसिद्ध केली. सरासरी काळ पुढीलप्रमाणे होता:

• श्रेणी ०, प्रतिमेत काही न दिसणे: ८ दिवस
• श्रेणी १, सूज पण तंतू अखंड: १७ दिवस
• श्रेणी २, अंशतः फाटलेला स्नायू: २२ दिवस
• श्रेणी ३, पूर्ण फाटलेला स्नायू: ७३ दिवस

सुमारे ७० टक्के दुखापतींमध्ये तंतू तुटल्याचे चिन्ह प्रतिमेत नव्हते, तरीही गैरहजेरीच्या एकूण दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवस त्याच दुखापतींमुळे वाया गेले. एकाच श्रेणीतील खेळाडूंच्या काळातही मोठी तफावत होती. त्यामुळे केवळ प्रतिमेवरून पुनरागमनाची तारीख सांगणे योग्य मानले जात नाही.

वर्गीकरण पद्धती

दुखापतीचे सौम्य, मध्यम आणि तीव्र असे तीन प्रकार करण्याची पद्धत जुनी आहे. तिच्यातील संदिग्धता दूर करण्यासाठी पुढील पद्धती मांडल्या गेल्या:

• म्युनिक सहमती: मार्च २०११ मध्ये म्युनिक येथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून ही पद्धत तयार झाली. तीत तंतू अखंड असलेले कार्यात्मक विकार आणि तंतू तुटलेल्या रचनात्मक इजा असा मूलभूत भेद केला जातो.
• ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्स वर्गीकरण: २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत ० ते ४ श्रेणी असून इजा स्नायूच्या आवरणात, स्नायू व कंडरा यांच्या सांध्यात की प्रत्यक्ष कंडरेत आहे, हेही नोंदवले जाते. कंडरेपर्यंत पोहोचलेली इजा भरून येण्यास सामान्यतः अधिक काळ लागतो.
• बार्सिलोना पद्धत: बार्सिलोना फुटबॉल क्लबच्या वैद्यकांच्या सहभागातून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत इजेचे कारण, जागा, श्रेणी आणि पुनर्दुखापतींची संख्या या चार गोष्टी नोंदवतात.

पुनरागमनाचा निर्णय

वेदना थांबणे म्हणजे स्नायू पूर्ववत होणे नव्हे. पुनरागमनापूर्वी चाचपताना वेदना नसणे, दोन्ही पायांची शक्ती व लवचीकता जवळजवळ समान असणे आणि सामन्यातील वेगाने वारंवार धावता येणे या गोष्टी तपासल्या जातात. स्वीडिश संशोधक कार्ल आस्कलिंग यांच्या चाचणीत खेळाडूला उताणे झोपवून सरळ पाय शक्य तितक्या वेगाने वर उचलण्यास सांगतात. त्या वेळी वेदना नसली, पण खेळाडूला धास्ती वाटली, तरी पुनरागमन लांबवण्याचा सल्ला दिला जातो. अनेक संघ खेळाडूच्या अंगावरील जीपीएस यंत्राने धावण्याचा वेग व अंतर मोजून दुखापतीपूर्वीच्या आकड्यांशी त्यांची तुलना करतात. वेदनाशामक औषधाच्या प्रभावाखाली केलेली चाचणी विश्वसनीय ठरत नाही.

पुण्यातील संदर्भ

पुण्यातील व्यावसायिक फुटबॉलचे प्रमुख केंद्र बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल हे राहिले आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी हा संघ आय-लीगमध्ये खेळला आणि २०१२–१३ च्या मोसमात उपविजेता ठरला. त्या मोसमात प्रत्येक संघाला ऑक्टोबर ते मे या काळात २६ सामने खेळावयाचे होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी हा संघ उतरला. पहिल्या मोसमात त्याला साखळी फेरीचे १४ सामने ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पूर्वार्धापर्यंत, म्हणजे सरासरी दर चार दिवसांनी एक, असे खेळावे लागले.

वरील युरोपीय सरासरी लावल्यास हॅमस्ट्रिंगच्या श्रेणी १ दुखापतीमुळे आय-लीगमध्ये ढोबळमानाने दोन सामने हुकले असते. इंडियन सुपर लीगच्या त्या मोसमात मात्र चार, म्हणजे साखळी फेरीचा चौथ्या भागाहून अधिक हिस्सा. दुखापत तीच असली तरी छोट्या मोसमात खेळाडूला लवकर उतरवण्याचे दडपण अधिक असते, आणि सामन्यांमधील अपुऱ्या विश्रांतीमुळे धोकाही वाढतो. २०१७–१८ पासून ही स्पर्धा अधिक लांबीची झाली व साखळी फेरीत प्रत्येक संघाला १८ सामने मिळू लागले. एफसी पुणे सिटीने त्या मोसमात उपांत्य फेरी गाठली. २०१९ मध्ये हा संघ बंद झाला.

क्रीडावैद्यकाच्या दृष्टीने पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. २००१ मध्ये स्थापन झालेली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट ही संस्थाही याच शहरात आहे.

मर्यादा

पुनरागमनाचा अचूक दिवस सांगणारी एकही चाचणी उपलब्ध नाही. येथे दिलेली आकडेवारी मुख्यतः युरोपातील पुरुष खेळाडूंची आहे. महिला, कुमार आणि उष्ण हवामानात खेळणारे खेळाडू यांना ती जशीच्या तशी लागू करता येत नाही. शिवाय संघाचा वैद्य संघाच्याच सेवेत असल्याने, संघाची गरज आणि खेळाडूचे हित यांत विसंगती निर्माण होऊ शकते. यासाठी निकष आधीच ठरवून लेखी नोंद ठेवणे आणि निर्णयात खेळाडूला सहभागी करून घेणे हितावह मानले जाते.