तंजावरचा धन्वंतरी महाल

रोग्याला औषध देणे एवढ्यानेच वैद्याचे कर्तव्य संपते काय? तंजावरच्या राजवाड्यात सुमारे दोनशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न झाला.

सरफोजी राजे दुसरे इ. स. १७९८ मध्ये गादीवर आले, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख, एक लक्ष होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राजांकडे उरले. तलवार म्यान झाली. परंतु प्रजेविषयीचे कर्तव्य म्यान करण्याची त्यांची तयारी नव्हती.

रामेश्वराच्या वाटेवरील छत्रे हे त्याचे पहिले प्रमाण होय. या छत्रांचे उत्पन्न व व्यवस्था दरबाराकडे राहावी म्हणून १८०१ साली राजांनी इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहिले. तेथील व्यवस्था त्यात तपशीलवार वर्णिली आहे. प्रत्येक छत्रात वैद्य असे. वाटसरू आजारी पडला तर त्याला औषध व योग्य पथ्य मिळे आणि तो बरा होईपर्यंत आदराने व ममतेने त्याची शुश्रूषा होई. गर्भवती स्त्री तेथे प्रसूत झाली तर सर्व खर्च छत्र सोशी व तिला तीन महिने राहू देई. वैद्य, आचारी आणि शिक्षक या सर्वांच्या कामाचा मेळ घातल्यावाचून हे साधणे शक्य नव्हते. रोगी हा याचक नसून अतिथी आहे, हे त्यामागील सूत्र होते.

हेच सूत्र धन्वंतरी महालात शास्त्राला जोडले गेले. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा भिन्न पद्धतींचे जाणकार तेथे एका छपराखाली आले. आपापल्या शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींना असे एकत्र आणणे सोपे नव्हे. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यांत ग्रथित करण्यात आले. राजे मराठी, दरबारची दप्तरे मोडीत, पण रोगी बहुतांशी तमिळ; म्हणून ज्ञानही तमिळमध्ये सांगितले गेले, यात मोठे औचित्य आहे.

नेत्ररोग्यांची टिपणे तर विशेष मोलाची आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयात ती आजही जतन केलेली आहेत. रोग्याचे लक्षण, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम यांची नोंद, शिवाय रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे त्यांत आढळतात. प्रत्येक रोगी वेगळा मानून त्याचा स्वतंत्र कागद ठेवणे म्हणजे त्याच्या व्यथेची दखल घेणेच होय.

अर्थात, हे सारे राजाश्रयावर उभे होते. १८३२ साली सरफोजी राजे निवर्तले आणि १८५५ साली राज्यही खालसा झाले. शिवाय या कागदांतून वैद्य बोलतो. रोग्याचा स्वतःचा शब्द तेथे क्वचितच ऐकू येतो. तरीही सत्ता गेलेल्या एका राजाने आपले उरलेले बळ प्रजेच्या दृष्टीसाठी वेचले, ही गोष्ट लहान नव्हे. राज्य गेले, पण कोणा अनाम रोग्याच्या डोळ्याचे चित्र मात्र राहिले.