श्री ठाणेदार : चिकोडी ते अमेरिकन काँग्रेस

श्री ठाणेदार हे मराठी भाषक अमेरिकन राजकारणी होत. मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराचा मोठा भाग ज्यात येतो, त्या 13 व्या मतदारसंघातून ते नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकन संसदेच्या, म्हणजेच काँग्रेसच्या, प्रतिनिधिगृहावर निवडून आले. रसायनशास्त्रज्ञ, उद्योजक आणि लोकप्रतिनिधी असे त्यांच्या जीवनाचे तीन टप्पे आहेत.

जन्म व शिक्षण

ठाणेदार यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1955 रोजी चिकोडी येथे झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, समाविष्ट झाला. त्यांचे बालपण बेळगावात निम्न मध्यमवर्गीय कुटुंबात गेले. कर्नाटक विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी आणि 1977 मध्ये मुंबई विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतल्यावर 1979 साली ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन विद्यापीठाने 1982 मध्ये त्यांना डॉक्टरेट प्रदान केली. मिशिगन विद्यापीठात काही काळ संशोधन करून त्यांनी सेंट लुईस येथील एका रसायन कंपनीत नोकरी धरली. 1988 मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

उद्योगातील यशापयश

1991 साली 75 हजार डॉलरचे कर्ज काढून ठाणेदार यांनी सेंट लुईसमधील ‘केमिर’ ही छोटी प्रयोगशाळा विकत घेतली. तेथे त्या वेळी अवघे तीन कर्मचारी होते. पदार्थांचे रासायनिक पृथक्करण करून देणारी ही संस्था पुढे वाढत गेली आणि कर्मचाऱ्यांची संख्या शंभरावर पोहोचली. औषध संशोधन क्षेत्रातील आणखी कंपन्या त्यांनी कर्ज घेऊन खरेदी केल्या. परंतु 2008 च्या आर्थिक मंदीने हा डोलारा कोसळला. 2010 मध्ये कर्ज देणाऱ्या बँकेने कारवाई केली आणि त्यांचे उद्योग हातचे गेले.

त्यांपैकी न्यू जर्सी राज्यातील एका प्रयोगशाळेत प्राण्यांवर चाचण्या होत असत. ती बंद पडल्यावर तेथील शंभराहून अधिक कुत्र्यांचा व माकडांचा प्रश्न निर्माण झाला; अखेर प्राणिरक्षक संस्थांनी त्यांची सोय लावली. बँकेने ताबा घेतल्यावर आपल्या हाती काही उरले नव्हते, असे ठाणेदार यांचे म्हणणे होते. पुढे निवडणुकीत हा विषय निघाला.

त्याच वर्षी मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे त्यांनी ‘अ‍ॅव्होमीन’ ही नवी प्रयोगशाळा सुरू केली आणि 2016 मध्ये तिचा बहुतांश हिस्सा विकला. या व्यवहारातून आलेल्या संपत्तीमुळे त्यांना राजकारणात उतरणे शक्य झाले. त्यांचे ‘ही ‘श्री’ची इच्छा’ हे मराठी आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.

राजकारणात प्रवेश

2018 साली त्यांनी मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. अमेरिकेत राज्यपाल हा नियुक्त नसून निवडून आलेला राज्यप्रमुख असतो. त्याचे अधिकार आपल्याकडील मुख्यमंत्र्यांसारखे असतात. पक्षाचा उमेदवारही तेथे श्रेष्ठी ठरवीत नाहीत. ‘प्रायमरी’ नावाची प्राथमिक निवडणूक होते आणि मतदारच उमेदवार निवडतात. ठाणेदार यांनी स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर खर्च केले. त्यांना सुमारे दोन लाख मते मिळाली. तीन उमेदवारांत ते तिसरे आले आणि ग्रेचेन व्हिटमर विजयी झाल्या.

त्यानंतर नोव्हेंबर 2020 मध्ये ते डेट्रॉइटमधून राज्य विधिमंडळाच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. 2022 मध्ये काँग्रेसच्या प्रायमरीत नऊ उमेदवारांमधून सुमारे 28 टक्के मते मिळवून त्यांनी उमेदवारी जिंकली. नोव्हेंबरच्या लढतीत त्यांना सुमारे 71 टक्के मते मिळाली. जानेवारी 2023 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, ते काँग्रेसचे सदस्य झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न

या विजयामागे एक गंभीर प्रश्न उभा आहे. डेट्रॉइटच्या लोकसंख्येत तीन चतुर्थांशाहून अधिक नागरिक कृष्णवर्णीय आहेत. चार्ल्स डिग्ज हे 1954 मध्ये निवडून आले आणि 1955 पासून या शहराचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये सातत्याने होता. ही परंपरा जानेवारी 2023 मध्ये खंडित झाली. कृष्णवर्णीय उमेदवारांत मते विभागली गेली आणि एका धनवान उमेदवाराने स्वतःच्या पैशावर जागा मिळवली, अशी टीका झाली. गरिबी आपण स्वतः अनुभवली असल्याने गरिबांचे प्रश्न आपणांस कळतात, असे ठाणेदार सांगत आले.

सालेकसा तालुक्यातील वाचकांस हा प्रश्न परका वाटू नये. येथील मतदार विधानसभेसाठी आमगाव आणि लोकसभेसाठी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात मतदान करतात. हे दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. ज्या समाजाचा आवाज सभागृहात पोहोचणे कठीण, त्याच्यासाठी आपल्या राज्यघटनेने जागाच निश्चित केल्या. अमेरिकेच्या राज्यघटनेत अशी तरतूद नाही. तेथे नागरिकत्वाला सात वर्षे झालेली, वयाची 25 वर्षे पूर्ण केलेली आणि त्या राज्यात राहणारी व्यक्ती प्रतिनिधिगृहासाठी उभी राहू शकते. याच मोकळीकीमुळे चिकोडीत जन्मलेला मनुष्य डेट्रॉइटचा प्रतिनिधी झाला आणि याच मोकळीकीमुळे तेथील बहुसंख्य समाजाचा स्वतःचा प्रतिनिधी राहिला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

काँग्रेसमधील कार्य

प्रतिनिधिगृहात 435 सदस्य असून त्यांची मुदत केवळ दोन वर्षांची असते. त्यामुळे प्रतिनिधीला वारंवार मतदारांपुढे जावे लागते. 2023 मध्ये ठाणेदार यांनी हिंदू, बौद्ध, शीख व जैन अमेरिकन नागरिकांच्या प्रश्नांसाठी सदस्यांचा एक गट स्थापन करण्यात पुढाकार घेतला. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध सात कलमांचा महाभियोग प्रस्ताव मांडला. मात्र स्वपक्षीय सहकाऱ्यांनीच नापसंती दर्शविल्याने मे महिन्यात त्यावर मतदान घेण्याचा आग्रह त्यांनी सोडला.

परदेशात आपल्या माणसाने मिळविलेल्या पदाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्या पदाचे मोल अखेर डेट्रॉइटचे मतदारच ठरवितात.