घड्याळाचा काटा आणि शासनाचा आदेश

काळ निसर्गाचा असला, तरी घड्याळातील वेळ शासनाची असते, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. सूर्य माथ्यावर केव्हा यावा हे कोणतेही सरकार ठरवू शकत नाही. परंतु त्या क्षणी घड्याळात किती वाजलेले असावेत, हे मात्र शासनाच्या निर्णयाने ठरते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. बंगळूर सुमारे ७७.६ अंशांवर आहे आणि एका अंशामागे चार मिनिटे धरली, तर येथील सूर्य प्रमाणवेळेच्या साधारण वीस मिनिटे मागे चालतो. मुंबईत हाच फरक ३९ मिनिटांचा आहे. या ३९ मिनिटांसाठी मुंबईकर जवळजवळ अर्धे शतक सरकारशी भांडले. तो इतिहास आज आठवण्याचे कारण असे की, बंगळुरात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला वर्षातून दोनदा घड्याळाचा त्रास होतो आणि तोही दुसऱ्याच देशांच्या कायद्यांमुळे.

हा त्रास किरकोळ दिसतो, पण रोजचा असतो. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हेच काम मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. भारतातील घड्याळ मात्र जागचे हलत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कमधील सकाळी नऊची बैठक बंगळुरात उन्हाळ्यात सायंकाळी साडेसहाला, तर हिवाळ्यात साडेसातला येते. कॅलिफोर्नियाची नऊची बैठक हिवाळ्यात रात्री साडेदहावर जाते. मार्चमधील दोन-तीन आठवडे तर अमेरिका पुढे सरकलेली आणि इंग्लंड जागेवर, अशी स्थिती असते. तिन्ही देशांची एकत्र बैठक असेल, तर कोणाचे तरी वेळापत्रक मोडतेच. मग कार्यालयाच्या गाड्यांच्या फेऱ्या बदलतात, उपाहारगृहाच्या वेळा बदलतात, घरातील जेवणाची वेळ बदलते आणि मुलांचा अभ्यास कोणी घ्यायचा याची वाटणी नव्याने करावी लागते. ज्या विधिमंडळांनी हे कायदे केले, त्यांच्या मतदारयादीत बंगळूरचा एकही रहिवासी नाही.

कुटुंबांच्या बाबतीतही तेच. २०२४ साली भाऊबीज आणि अमेरिकेतील घड्याळबदल हे दोन्ही ३ नोव्हेंबरलाच आले. न्यू जर्सीतील भावाला बहिणीने आदल्या दिवशी सायंकाळी सात वाजता दूरध्वनी केला असता, तर तेथे सकाळचे साडेनऊ वाजलेले असते. भाऊबीजेच्या दिवशी त्याच सात वाजता तेथे साडेआठच झाले होते. परदेशी राहून संकष्टी पाळणाऱ्यांची अडचण याहून वेगळी नाही. चंद्र आपल्या वेळेलाच उगवतो. पण उन्हाळी घड्याळात तो तासभर उशिरा उगवल्यासारखा दिसतो आणि उपवास सोडण्याची वेळ तितकीच लांबते.

या प्रथेचा उगम तपासला, तर तिची मर्यादाही समजते. विल्यम विलेट या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाने १९०७ साली एक पुस्तिका काढून असे मांडले की, उन्हाळ्यात पहाटेचा उजेड लोक झोपेत वाया घालवतात; घड्याळ पुढे केले तर तो उजेड सायंकाळी वापरता येईल. शांततेच्या काळात ही सूचना संसदेला पटली नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी १९१६ च्या एप्रिलअखेर जर्मनीने ती अमलात आणली आणि काही आठवड्यांतच ब्रिटननेही तिचे अनुकरण केले. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक आणि सर्वांत लहान दिवस आठ तासांहून कमी असतो. तेथे या युक्तीला काही अर्थ आहे. बंगळुरात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत अवघा दीड तासाचा फरक पडतो. जेथे ऋतूनुसार उजेड फारसा बदलत नाही, तेथे ऋतूनुसार घड्याळ बदलण्याचे प्रयोजनच उरत नाही.

तरीही भारताने एकदा हा प्रयोग केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, देशाचे घड्याळ एक तास पुढे होते; म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तासांऐवजी साडेसहा तास पुढे. त्या काळात जो कोणी मुंबईच्या जुन्या स्थानिक वेळेला धरून होता, त्याच्या आणि सरकारी घड्याळात एक तास ३९ मिनिटांचे अंतर पडले. जगभरचे संगणक ज्या कालपट्ट्यांच्या कोष्टकावर चालतात, त्यात भारताच्या नोंदीखाली हा युद्धकालीन तास आजही नमूद आहे. बंगळूरच्या कोणत्याही संगणक-अभियंत्याला तो पाहता येईल.

आता मुंबईकडे वळू. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मोठ्या शहराची वेळ निराळी होती. मद्रासच्या वेधशाळेतील खगोलज्ञ जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८०२ मध्ये तेथील वेळ ग्रिनिचच्या सुमारे पाच तास २१ मिनिटे पुढे अशी निश्चित केली. मुंबईची वेळ तिच्या अर्धा तास मागे, तर कलकत्त्याची त्याहून थोडी अधिक पुढे. रेल्वेला सर्वत्र एकच वेळ हवी होती. मद्रास वेळ दोन्ही महानगरांच्या जवळजवळ मध्यावर पडत असल्यामुळे रेल्वेने ती स्वीकारली. गाडीची वेळ वेगळी आणि गावाची वेळ वेगळी, हे लोकांनी निमूटपणे सहन केले. कारण गाडी पकडण्यापुरताच तो प्रश्न होता.

संघर्ष सुरू झाला तो शहराच्या व्यवहारात हात घातल्यावर. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कार्यालयांत मद्रास वेळ लागू केली. शहरातून विरोध झाला. राजाबाई मनोऱ्यावरील विद्यापीठाच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हाही वादाचा विषय झाला. अखेर १८८३ मध्ये सरकारला आदेश मागे घ्यावा लागला.

दुसरा प्रयत्न अधिक पक्क्या पायावर होता. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रिनिचला जगाचे मध्यान्हवृत्त मानले होते आणि त्यापासून नेमकी साडेपाच तास पुढची वेळ भारतासाठी सोयीची होती. रेल्वेने ती १९०५ च्या जुलैत स्वीकारली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती देशाची प्रमाणवेळ झाली. शास्त्रीयदृष्ट्या या निर्णयात काहीच गैर नव्हते. पण आदल्याच ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली होती आणि सरकारच्या प्रत्येक हुकमाकडे लोक संशयाने पाहत होते. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईत जेकब ससून गिरणीच्या हजारो कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते. घड्याळातील सकाळचे सहा आता सूर्याच्या हिशेबाने पाच वाजून २१ मिनिटांनीच वाजणार होते, म्हणजे कामगाराला ३९ मिनिटे आधी उठावे लागणार होते. महापालिकेत फिरोजशाह मेहता यांच्यासारख्यांनी विरोधाची बाजू लावून धरली आणि त्याच वर्षी पालिका आपल्या कारभारासाठी पुन्हा मुंबई वेळेकडे वळली. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत जपली. मुंबई वेळेचा अस्त साधारणपणे १९५५ साली झाला असे मानतात. जी वेळ परकीय सत्तेच्या हुकमाने पटली नाही, ती स्वराज्यात फारशी खळखळ न होता रुजली.

प्रशासनाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आदेश योग्य असणे आणि तो ग्राह्य असणे यांत अंतर आहे. १९०६ चा निर्णय योग्यच होता, म्हणून तर आपण आजही तो पाळतो. पण ज्यांच्या दिनक्रमात तो ३९ मिनिटांनी घुसणार होता, त्यांना तो कोणी समजावून सांगितला नाही. गिरणीची पाळी सूर्याच्या हिशेबाने पूर्वीच्याच वेळी सुरू ठेवली असती, तर कामगाराला तक्रारीचे कारणच उरले नसते. घड्याळ बदलणाऱ्याला एका सहीत जे साधते, त्याचा खर्च पहाटे उठणाऱ्याने द्यायचा असतो. हा खर्च कोणी मोजत नाही, कारण तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

बंगळूरशी या विषयाचा आणखी एक संबंध आहे. येथील राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील दिलीप आहुजा, डी. पी. सेनगुप्ता आणि व्ही. के. अग्रवाल यांनी २००७ मध्ये असे मांडले की, भारताचे घड्याळ कायमचे अर्धा तास पुढे करावे. त्यामुळे सायंकाळची विजेची कमाल मागणी घटेल आणि वर्षाकाठी दोनशे कोटींहून अधिक युनिट वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. या सूचनेचा विशेष असा की, तीत वर्षातून दोनदा काटे फिरवणे नाही. बदल एकदाच करायचा. दुसरी मागणी ईशान्येकडून येते. आसामच्या चहामळ्यांत तासभर पुढची ‘बागान वेळ’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये देशासाठी दोन प्रमाणवेळांचा आराखडाही मांडला. यांपैकी काहीही अद्याप अमलात आलेले नाही.

शेजाऱ्यांचा अनुभव सावध करणारा आहे. पाकिस्तानने २००२ मध्ये आणि पुन्हा २००८ व २००९ मध्ये उन्हाळी वेळ लावून पाहिली, बांगलादेशाने २००९ मध्ये. दोघांनीही ती सोडून दिली. युरोपीय संसदेने तर २०१९ मध्येच घड्याळबदल थांबवण्याच्या बाजूने कौल दिला, पण सदस्य देशांचे एकमत न झाल्याने तेथील काटे अजून फिरतच आहेत. प्रथा सुरू करायला युद्धाचे एक निमित्त पुरले. ती थांबवायला शंभर वर्षेही पुरलेली नाहीत.

म्हणून भारतात पुढेमागे अर्धा तास पुढे जाण्याचा विचार झालाच, तर वाचलेल्या युनिटांच्या आकड्याबरोबर आणखी एक तक्ता मांडला जावा असे वाटते. पश्चिमेकडे द्वारकेत हिवाळ्यात शाळेत निघालेले मूल किती अंधारात चालेल, मुंबईची पहिली लोकल पकडणाऱ्याची झोप किती कमी होईल, बंगळूरच्या रात्रपाळीच्या वाहनचालकाचा दिवस केव्हा संपेल, हे त्या तक्त्यात असावे. शाळा, कारखाने आणि कार्यालये यांच्या वेळा त्याच आदेशात ठरवून द्याव्यात आणि आदेश निघण्यापूर्वी लोकांना बोलू द्यावे. १८८१ आणि १९०६ या दोन्ही वेळी नेमके हेच राहून गेले होते.