सोयीचा विवाह (रीजन्सी प्रणयकादंबरीतील)

प्रेमाच्या आधी गरज म्हणून झालेले लग्न आणि त्यातून उमलणारे प्रेम यांवर रचलेले कथासूत्र. नायक-नायिका पूर्वीपासूनचे मित्र असले, तर ते विशेष खुलते.

काळ : इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मनोरुग्ण झाल्याने १८११ ते १८२० या काळात युवराजाने प्रतिशासक म्हणून कारभार पाहिला. हाच रीजन्सी काळ. मोठा जमीनजुमला बहुधा थोरल्या मुलाकडे जाई. लग्नानंतर स्त्रीच्या मालमत्तेवर नवऱ्याचा ताबा येई. तो कायदा १८८२ मध्ये बदलला. १७५३ च्या विवाह कायद्यामुळे एकवीस वर्षांखालील मुलामुलींना परवान्याने लग्न करण्यास पालकांची संमती लागे. कर्ज, वारसा आणि निराधारपण ही अशा लग्नाची कारणे या व्यवस्थेतूनच येतात.

प्रमुख कृती : जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) हिने हा कादंबरीप्रकार रूढ केला. ‘फ्रायडेज चाइल्ड’ (१९४४) मध्ये वारशाचा पैसा हाती यावा म्हणून तरुण सरदार बालमैत्रिणीशी घाईने लग्न करतो. तिचे मोल त्याला संसारात कळते. ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ (१९६१) मध्ये कर्जात बुडालेला सैनिक-उमराव धनिक व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करतो. तिची न बोलता चाललेली काळजी त्याच्या जुन्या प्रेमापेक्षा टिकाऊ ठरते.

वऱ्हाडाशी संबंध : या कादंबऱ्यांतून वारंवार डोकावणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे आर्थर वेलस्ली, वऱ्हाडात लढला होता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी त्याने अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई जिंकली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोन दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. वेलस्लीच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट मात्र या कादंबऱ्यांच्या उलट गेली. त्याने मागणी घातलेल्या कॅथरिन पॅकनहॅमच्या घरच्यांनी त्याला पूर्वी नकार दिला होता. हिंदुस्थानातून परतल्यावर त्याने तिला दिलेला जुना शब्द पाळला आणि १० एप्रिल १८०६ रोजी तिच्याशी लग्न केले. मधल्या वर्षांत दोघेही बदलले होते. तो संसार सुखाचा झाला नाही. शब्द पाळला गेला, पण ओळख नव्याने झाली नाही. कादंबरीतले जोडपे नेमकी ही ओळख कमावते.

मूल्यमापन : या कथासूत्राचा कस लग्न कसे ठरले यावर लागत नाही, लग्नानंतर दोघे एकमेकांना किती ओळखू लागले यावर लागतो. आजारपणातली जागरणे, पैशाची सांगितलेली खरी स्थिती, चूक झाल्यावर मागितलेली माफी अशा साध्या प्रसंगांतून मैत्रीचे प्रेम होते. स्थळ पाहून लग्न ठरवण्याची रीत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही. मात्र मुलीच्या होकाराला मान नसेल, तर ती सोय एकाच बाजूची राहते. ‘सोय जाणे तो सोयरा’ या म्हणीत सोय म्हणजे दुसऱ्याची गरज. ती जाणणारा जोडीदार भेटला की सोयीचे लग्न सोयरीक होते.