भाजल्यावर शेक की पाणी? एका सल्ल्याचा इतिहास

मे महिन्यात ब्रह्मपुरीला घरी होतो. कढईतलं तेल आईच्या हातावर उडालं. काकू म्हणाल्या, "हळद लाव." मामी टूथपेस्ट घेऊन धावली. मी नळ सोडला, तर टाकीचं पाणीच चटका देणारं! शेवटी माठातलं पाणी तांब्यानं ओतत राहिलो. इतके सल्ले येतात तरी कुठून?

मित्रांनो, हा प्रश्न इतिहासाचाही आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, बाराव्या अध्यायात, भाजण्याचे चार प्रकार दिलेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. गंमत बघा, नुसत्या होरपळलेल्या, म्हणजे प्लुष्ट जागेला तिथे शेक सांगितलाय. कारण काय, तर थंड पाण्यानं रक्त गोठतं.

आता इंग्लंडला चला. १७९७ मध्ये एडवर्ड केंटिश यांनी न्यूकॅसल भागातल्या कोळसा खाणींतल्या भाजलेल्या मजुरांच्या अनुभवावरून पुस्तक लिहिलं. त्यांचा भर टर्पेंटाइनसारख्या उष्ण उपायांवर होता. दोनच वर्षांनी, १७९९ मध्ये, जेम्स अर्ल यांनी बर्फ आणि थंड पाण्याची बाजू मांडली. देश एक, काळ एक, सल्ले उलटे!

इथे घाई करू नका. "जुने लोक अडाणी होते" असं लिहिलंत की अभ्यास तिथेच थांबला. केंटिश यांच्याकडे रुग्ण होते, संहितेकडे कारणमीमांसा होती. नव्हती ती तुलना: सारख्याच जखमा, एकीवर एक उपाय, दुसरीवर दुसरा. ती पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आणि रुग्णांच्या नोंदींतून झाली. पाणी जिंकलं, पण बर्फ हरला. बर्फानं कातडीला आणखी इजा होते. म्हणजे अर्लही अर्धेच बरोबर होते.

आजचा सल्ला असा: अंगठी, बांगड्या लगेच काढा. वाहतं गार पाणी २० मिनिटं सोडा. भाजून तीन तास होईपर्यंत त्याचा उपयोग होतो. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई काही लावू नका, फोड फोडू नका. जखम स्वच्छ कापडानं सैल झाका. भाजलेला भाग मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील, तर १०८ ला फोन करा. आपल्याकडून नागपूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. ही पहिली २० मिनिटं घरच्यांच्याच हातात असतात.

आता तुमचं काम. घरातल्या तीन मोठ्या माणसांना विचारा: भाजल्यावर काय लावायचं, कोणी शिकवलं, का? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. चूक-बरोबर नंतर ठरवू.