तेरणेकाठचा लाल मणी



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि सातवीच्या एका मुलाने माझ्या टेबलावर एक लाल मणी ठेवला. आजोळी, तेरच्या बाजूला, नदीकाठी सापडला म्हणाला. आकाराने बोराच्या आठोळीएवढा, रंगाने विटकरी, वरून किंचित धूसर. मी बी.ए.ला इतिहास घेतलेला मनुष्य. परंतु हजेरी घ्यायची घाई होती. "काचेचा दिसतो, ठेवून दे," एवढेच बोललो. मुलगा गप्प जागेवर जाऊन बसला.

पुढच्या वर्षी सहलीच्या निमित्ताने तेरला जाण्याचा योग आला. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमविलेल्या वस्तूंतून तेथील संग्रहालय उभे राहिले आहे. काचेच्या पेटीत तसेच लाल मणी मांडलेले पाहिले आणि मला माझीच लाज वाटली. हा लेख त्या लाजेपोटी लिहीत आहे असे समजा.

तेर हे गाव धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीवर आहे. हीच तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा बिलोली तालुक्यावरून पुढे गोदावरीस जाते. म्हणजे ते पाणी आपल्याला परके नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती देणारे 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर 'तगर' हे मोठे शहर असल्याचे म्हटले आहे. पैठणहून गाड्या भरभरून मौल्यवान खडे आणि तगरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड भडोचला जात असे. ते तगर म्हणजेच आजचे तेर, हे १९०१ साली फ्लीट या अभ्यासकाने मांडले. १९५८ मध्ये चापेकरांनी येथे उत्खनन केले.

मग मणी काचेचा की खड्याचा, हे ओळखावे कसे? चकाकीवर जाऊ नये. आपल्या पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांच्या बोटात अकीकची अंगठी असते. तोच हा दगड. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तो तयार होतो, नदीच्या गोट्यांतही मिळतो आणि भाजला म्हणजे त्याचा तांबडा रंग खुलतो. तो काचेपेक्षा कठीण असल्याने त्याला भोक पाडणे हे मोठे कसब होते. कारागीर दोन्ही टोकांकडून कोरत येई आणि मधोमध दोन्ही भोके भेटत. ही भेट क्वचितच अगदी सरळ होई; भिंगाने पाहिले तर आत बारीकशी पायरी दिसते. काचेचा मणी मात्र पुष्कळदा ओढलेल्या पोकळ नळीचे तुकडे करून बनवीत. त्याचे भोक गुळगुळीत असते आणि भोकाच्या दिशेने लांबट झालेले हवेचे बुडबुडे उजेडात दिसतात. मातीत शतकानुशतके राहिलेल्या काचेवर पाण्यावरील तेलासारखा सप्तरंगी पापुद्राही धरतो.

तेरला शंखाच्या बांगड्यांचे तुकडेही मिळतात. येथे क्षणभर थांबा. शंख तेरणेत होत नाही. तो समुद्रातला जीव. कच्छच्या आखातात किंवा दूर दक्षिणेच्या किनाऱ्यावर मिळणारा. म्हणजे आपण ज्याला नदीकाठचा पांढरा तुकडा समजून पायाखाली घालतो, तो समुद्रकाठाहून शेकडो मैल चालून आलेला असतो.

माझ्या मते सर्वांत बोलका दागिना मात्र मातीचा आहे. रोमन बादशहांच्या नाण्यांवरून साचे घेऊन मातीची गोल पदके भाजीत आणि गळ्यात अडकविण्यासाठी त्यांना कडी ठेवीत. अशी पदके तेरला मिळाली आहेत, तेलंगणातील कोंडापूरलाही. सोन्याचे नाणे ज्यांच्या ऐपतीबाहेर होते, त्यांनी ती हौस मातीत भागविली असावी. आजच्या बाजारातील एक ग्रॅमचे दागिने पाहिले की मला ही पदके आठवतात!

काळ ठरविण्यास तुलना उपयोगी पडते. इटलीत पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. हातभर बांगड्या, पायांत जड वाळे, गळ्यात हार. म्हणजे ही घडण ७९ च्या आधीची, हे नक्की झाले. तेरच्या संग्रहालयातील हस्तिदंती मूर्ती तिच्या नात्यातली वाटते.

परंतु दगड आणि घडण ओळखून काम अर्धेच होते. वस्तू कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी होती, हे कळले तरच ती इतिहास सांगते. जुन्या वस्तीची पांढरी आपल्याकडे माळवदावर टाकण्यासाठी, शेतात पसरण्यासाठी खणून नेत आले आहेत. तिच्याबरोबर किती मणी गेले असतील! म्हणून काही सापडले तर घासूनपुसून चमकवू नका, लिंबू किंवा चिंच लावू नका. जागा लिहून ठेवा आणि शिक्षकांना दाखवा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

सहलीहून आल्यावर मी त्या मुलाला शोधले. मणी घरी होता. त्याच्या आईने तो धाकट्या बहिणीच्या गळ्यातील काळ्या दोऱ्यात ओवला होता. मी भिंग लावून पाहिले. भोक दोन्ही बाजूंनी कोरलेले, मध्ये पायरी. नदीकाठी नेमका कोठे सापडला, असे मी त्याला विचारले.

"आता आठवत नाही, सर," तो म्हणाला, "तुम्ही काचेचा म्हणालात ना."