एका डोंगराचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. डोंगराच्या कुळाबद्दल मात्र पूर्वजांनी मनाई केलेली नाही. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर ट्रूडोस नावाचा डोंगर आहे. त्याच्या कुळावरून विद्वानांत जो वाद पेटला, तो मला कादंबरीइतका रंगतदार वाटतो. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. शिलाशास्त्र माझा विषय नव्हे. पण कुळाचा वाद कोणाला समजत नाही?

हा डोंगर तांब्याचा. इंग्रजीतील 'कॉपर' हा शब्दच मुळी या बेटाच्या नावावरून आलेला. येथल्या हिरवट, तुळतुळीत खडकाची कांती सापासारखी. असल्या खडकांना १८१३ साली आलेक्सांद्र ब्रोंन्यार या फ्रेंच पंडिताने सर्पवाचक ग्रीक शब्दावरून 'ऑफिओलाइट' म्हटले. पुढे त्या नावात खडकांचे सारे कुटुंबच आले.

ते कुटुंब मोठे विलक्षण! १९५२ मीटर उंचीच्या शिखरापाशी पृथ्वीच्या पोटातला, सर्वांत खोल थराचा खडक. उतरू लागावे तो गॅब्रो; मग फडताळातल्या पुस्तकांप्रमाणे एकमेकांस खेटून उभ्या शिलारसाच्या भिंती; आणि पायथ्याशी, समुद्राच्या पाण्यात थिजलेल्या लाव्हाच्या उशा. म्हणजे घराचा पाया आढ्यावर आणि छप्पर अंगणात!

इयन गास या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने १९६८ साली 'नेचर'मध्ये प्रश्न टाकला, की हा प्राचीन सागरतळाचा तुकडा तर नव्हे? तळ दुभंगतो, फटीत शिलारस भरतो, पुन्हा दुभंगतो. त्या उभ्या भिंती याचीच साक्ष देत होत्या. मंडळींना उत्तर पटले. ट्रूडोस महासागराच्या मध्यावर जन्मला, असे जवळजवळ ठरूनच गेले.

आणि १९७३ साली आकिहो मियाशिरो या जपानी शिलाशास्त्रज्ञाने अक्षता पडता पडता हरकत घेतली! एक सागरतळ दुसऱ्याखाली शिरतो तेव्हा वर ज्वालामुखी बेटांची कमान उठते. जपानी माणसाला हे सांगावे लागत नाही. मियाशिरोंनी उशा आणि भिंती यांतले सिलिका, लोह, मॅग्नेशियम पडताळले. सुमारे एक तृतीयांश नमुने मध्यसागरी घराण्याचे नव्हतेच. ते बेटांच्या कमानीचे दिसत होते.

विरोधकांनी त्यांच्यावर झोड उठवली. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तापलेले समुद्राचे पाणी या खडकांतून खेळले होते. त्यानेच तांबे गोळा केले आणि त्यानेच सिलिका, सोडियम इकडचे तिकडे केले. ज्याने धन दिले त्यानेच साक्षीदार फोडले म्हणा ना! मग टायटेनियम, झिर्कोनियम अशा पाण्याला सहसा न बधणाऱ्या साक्षीदारांना पाचारण करण्यात आले. शिवाय लाव्हात न बिघडलेली नैसर्गिक काच सापडली. तिचे पृथक्करण १९८३ साली प्रसिद्ध झाले. टायटेनियम थोडे, पाण्याचा अंश भरपूर. मध्यसागरी शिलारसात इतके पाणी येणार कोठून? ते खाली शिरणाऱ्या तळातून पिळून वर आलेले.

म्हणजे गास यांचा सागरतळ खरा आणि मियाशिरोंची शंकाही खरी. सुमारे ९ कोटी २० लाख वर्षांपूर्वी तळ दुभंगत होता, पण दुसऱ्या बुडत्या तळाच्या माथ्यावर. पुढे ठिकठिकाणच्या ऑफिओलाइटांची याच कसोटीवर चौकशी झाली. आपल्या लडाखातील निदारचे खडकही तीतून सुटले नाहीत. अभ्यासकांनी त्यांना बेटांच्या कमानीच्या घराण्यात बसवले आहे.